उतारावरची सायकल आणि घरचा हिशेब

मे महिना लागला, डोंगरावरचे बर्फ वर वर सरकू लागले, की दक्षिण जर्मनीतल्या आपल्या घरांतून एक नवा हट्ट ऐकू येतो. मुलाला माउंटन बाइक हवी असते. वर्गातला मित्र शनिवारी वडिलांबरोबर आलगॉयच्या डोंगरात जातो, मग आम्ही का नाही? कचेरीतले सहकारीही सोमवारी सकाळी कॉफी घेता घेता आदल्या दिवशी किती मीटर चढलो ते सांगत असतात. घरात मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "हे हातपाय मोडून घ्यायचे उद्योग आपल्याला कोणी सांगितलेत?" दुसरा म्हणतो, "आल्प्सच्या पायथ्याशी राहायचे आणि रविवार टीव्हीसमोर घालवायचा, याला काय अर्थ आहे?"

दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे आहे, म्हणूनच या वेळच्या आरोग्य व अर्थ सदरात हा विषय घेतला आहे. आपल्यापैकी बहुतेक घरांत एक किंवा दीड पगार असतो. इथले भाडे, पुण्याच्या किंवा ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता, आईवडिलांची औषधे हे सारे त्या पगारावर चालते. शेजारच्या जर्मन कुटुंबात कमावता माणूस दोन महिने अंथरुणाला खिळला तर आजी-आजोबा, काका-मामा धावून येतात. आपले काका-मामा साडेसहा हजार किलोमीटरवर असतात. तेव्हा डोंगरात जरूर जावे, पण जाण्यापूर्वी घरचा हिशेब मांडून जावे.

हा खेळ आला कुठून?

सायकल आपल्याला नवी नाही. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. पण ती डांबरी रस्त्यावरची सायकल. डोंगरातली सायकल हे वेगळे प्रकरण आहे.

१९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपाइस डोंगरावर काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून सुटत. तिथल्या शर्यतीचे नाव होते 'रिपॅक'. खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. पुढे कारखान्यात तयार झालेल्या माउंटन बाइक बाजारात आल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. २००८ साली बीजिंगमध्ये जर्मनीच्या झाबीने श्पिट्स यांनी यात सुवर्णपदक मिळवले.

आल्प्समध्ये या सायकलीला प्रतिष्ठा मिळवून देण्यात आंद्रेआस हेकमायर यांचा मोठा वाटा आहे. आयगर शिखराची उत्तर भिंत १९३८ साली प्रथम चढून जाणाऱ्या चौघांपैकी आंडर्ल हेकमायर यांचे हे चिरंजीव. जर्मनीच्या दक्षिण टोकावरच्या ओबरस्टडॉर्फहून सायकल घेऊन, काही ठिकाणी ती खांद्यावर टाकून, आल्प्सच्या रांगा ओलांडत इटलीतल्या गार्डा सरोवराकाठच्या रीवा गावापर्यंत जाण्याचा मार्ग त्यांनी आखला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि उन्हाळ्यात असंख्य लोक त्या किंवा तशाच वाटांनी आल्प्स पार करतात. आपल्याकडच्या घाटवाटा धुंडाळणाऱ्या मंडळींना हे वेड समजावून सांगायची गरज नाही.

शरीराला काय मिळते?

दक्षिण आशियातल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार लवकर आणि कमी वजनातच गाठतात, हे आता वैद्यकात मान्य झाले आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली असे सुचवले, की आशियाई लोकांनी वजन-उंचीचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २३ च्या वर गेला की सावध व्हावे. युरोपीय लोकांसाठी हा आकडा २५ आहे. इथला डॉक्टर "वजन ठीक आहे" म्हणाला तरी आपण आपला आकडा २३ शी ताडून पाहावा.

याच संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे: प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. रविवारी जंगलाच्या रुंद वाटेने दोन तास चढ आणि आठवड्यात एका संध्याकाळी अर्धा तास फेरी, झाली दीडशे मिनिटे. सायकलवर शरीराचा बराचसा भार खोगिराने उचललेला असतो, त्यामुळे धावण्याच्या मानाने गुडघ्यांना त्रास कमी.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. हृदयाला आणि फुप्फुसांना लाभ होतो तो चढावर. बाइकपार्कमध्ये पाळण्यातून वर जाऊन सायकलवरून फक्त खाली उतरले, तर हातांची, पाठीची आणि मनाच्या एकाग्रतेची कसोटी लागते, पण चढाच्या व्यायामाची जागा ते घेत नाही. शिवाय हाडे मोडतात ती बहुधा उतारावरच. मनगट, खांदा आणि गळपट्टीचे हाड ही मोडण्याची नेहमीची ठिकाणे.

चाळिशी ओलांडलेली, दिवसभर संगणकासमोर बसणारी, रक्तदाब किंवा साखर असलेली मंडळी असतील त्यांनी आधी आपल्या हाउसआर्ट्स्टला विचारावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर मोठ्या श्रमाने साखर एकदम खाली येऊ शकते, कधी कधी तर घरी परतल्यावर काही तासांनी. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात आणि बरोबरच्या माणसाला हे माहीत असावे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे वाढत नाही, तेव्हा मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी उताराच्या वाटा टाळाव्यात हेच बरे.

गोचीड आणि ऊन

आपल्याकडून नव्याने आलेल्यांना गोचिडीचे भय माहीत नसते. इथल्या गवतातली, झुडपांतली गोचीड, जिला जर्मन लोक त्सेके म्हणतात, दोन रोग पसरवू शकते. पहिला एफएसएमई हा मेंदूच्या आवरणाला व मेंदूला सूज आणणारा विषाणूजन्य आजार. जवळजवळ सारे बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग त्याच्या धोक्याच्या क्षेत्रात मोडतात. यावर उपचार नाही, पण लस आहे. तीन मात्रा काही महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात आणि धोक्याच्या क्षेत्रात राहणाऱ्यांच्या लशीचा खर्च क्रांकेनकासे देते. दुसरा आजार बोरेलिओझ. त्याच्यावर लस उपलब्ध नाही, पण वेळेवर ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. चावल्या जागेभोवती काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लाल वर्तुळ पसरू लागले तर लगेच डॉक्टरकडे जावे. घरी आल्यावर मुलांची काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, कानामागची जागा तपासावी. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून हळूहळू ओढून काढावी. तेल, तूप, रॉकेल लावण्याचे घरगुती उपाय इथे करू नयेत, त्यांनी धोका वाढतो.

धनुर्वाताची लस इथे प्रौढांनी दर १० वर्षांनी घ्यायची असते. खरचटण्याच्या खेळात ती चुकवू नये. पिवळी इंप्फपास पुस्तिका एकदा काढून पाहाच.

उन्हाचे म्हणाल, तर दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणांचे प्रमाण साधारण १० टक्क्यांनी वाढते. आपला वर्ण सावळा म्हणून आपण सुटलो, असे नाही. दुसऱ्या बाजूने, जर्मनीत ऑक्टोबर ते मार्च या काळात उन्हातून पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि सावळ्या कातडीला ते तयार करायला अधिक वेळ लागतो. म्हणून उन्हाळ्यातले बाहेरचे तास आपल्याला दुहेरी मोलाचे आहेत.

कुठे जावे?

वाटांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला फोर्स्टवेग, म्हणजे जंगलखात्याचे रुंद, खडीचे रस्ते. दुसरा ट्रेल, म्हणजे एकाच माणसाला जाता येईल अशी अरुंद पायवाट. तिसरा बाइकपार्क, म्हणजे सायकलींसाठीच मुद्दाम बांधलेल्या, वळणे आणि उंचवटे असलेल्या वाटा. तिथे वर जायला लिफ्ट असते.

कुटुंबाने सुरुवात पहिल्या प्रकाराने करावी. ओबरस्टडॉर्फहून दक्षिणेकडे जाणारी खोरी यासाठी उत्तम. ओयटाल खोऱ्यातून ओयटालहाउसपर्यंत, किंवा श्टिलाख नदीच्या काठाने आइनोड्सबाखच्या दिशेने जाता येते. आइनोड्सबाख ही जर्मनीतली कायम वस्तीची सर्वांत दक्षिणेकडची वाडी. शेवटचा चढ जरा दमवतो, तिथे सायकल हातात धरून चालावे, त्यात कमीपणा नाही. म्युनिकच्या मंडळींना श्पिट्झिंगझे तळ्यापासून फालेपकडे जाणारा रस्ता सोयीचा. खाजगी मोटारींना तो बंद असल्याने मुलांना मोकळेपणाने चालवता येते. मात्र जाताना उतार असतो आणि येताना चढ, हे आधीच ध्यानात ठेवून दम राखावा.

ट्रेलच्या अवघडपणासाठी इथे एस-० ते एस-५ अशी श्रेणी वापरतात. एस-० म्हणजे मऊ, सपाट वाट. एस-१ मध्ये लहान मुळे आणि दगड लागतात. एस-२ पासून पायऱ्या आणि अवघड वळणे सुरू होतात. एस-३ च्या पुढचे काम सरावलेल्यांचे. नवशिक्या मोठ्या माणसाने पहिले वर्ष एस-१ वर काढावे.

बाइकपार्कमध्ये स्कीच्या उतारांसारखे रंग असतात. सोप्या वाटांना निळा, काही ठिकाणी त्याहून सोप्यांना हिरवा, मध्यम वाटांना लाल आणि अवघड वाटांना काळा. रोझेनहाइमजवळ झामरबेर्गचे पार्क आहे. आल्प्सबाहेर, बव्हेरियन फॉरेस्टमध्ये बिशोफ्समाइस गावचे गाइसकॉप्फ पार्क १९९९ पासून चालू आहे आणि जर्मनीतल्या अगदी सुरुवातीच्या पार्कांत त्याची गणना होते. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात लेओगांग आहे, जिथे २०२० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. दिवसभराचे लिफ्टचे तिकीट साधारण ३० ते ५० युरो पडते. सायकल, चेहरा झाकणारे हेल्मेट आणि गुडघा-कोपर-पाठीचे रक्षक भाड्याने घेतले तर माणशी शंभराची नोट मोडते असे धरून चालावे. जर्मनीत रस्त्यावर सायकलसाठी हेल्मेट सक्तीचे नाही, पण पार्कच्या नियमांत ते असते. पहिल्या दिवशी शिक्षकाबरोबर दोन-तीन तासांचा वर्ग घेणे हा सर्वांत शहाणपणाचा खर्च. ब्रेक कसा दाबावा, उतारावर अंग कुठे ठेवावे, हे एकदा नीट शिकले की पुढचे पडणे बरेच कमी होते.

वाट कोणाची?

बव्हेरियाच्या १९४६ च्या राज्यघटनेतील कलम १४१ प्रमाणे निसर्गसौंदर्याचा आनंद घेण्याचा आणि मोकळ्या रानात विसावा घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तिथे शब्द 'नागरिक' असा नाही, 'प्रत्येक जण' असा आहे. आपल्या हातातला पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो, या डोंगरावर आपलाही हक्क आहे. राज्याच्या निसर्गरक्षण कायद्यानुसार खाजगी जमिनीतल्या 'योग्य' वाटांवरून सायकल नेता येते, पण पायी चालणाऱ्याचा मान पहिला. समोर माणूस दिसला की वेग कमी करायचा, गरज पडली तर उतरायचे आणि 'ग्र्युस गॉट' म्हणायचे. ओल्या वाटेवर कच्चकन ब्रेक दाबून माती उकरू नये. गायींची फाटके उघडली तर मागे बंद करावीत. बेर्ख्टेसगाडेनच्या राष्ट्रीय उद्यानात सायकल फक्त खुणा केलेल्या मार्गांवरच चालते.

राज्य बदलले की नियम बदलतो. श्टुटगार्टकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बाडेन-व्युर्टेम्बेर्गच्या वनकायद्याप्रमाणे जंगलातल्या २ मीटरपेक्षा अरुंद वाटांवर, खास परवानगी दिलेल्या वाटा सोडल्यास, सायकल चालवता येत नाही. ऑस्ट्रियात तर नियम उलटाच. तिथल्या १९७५ च्या वनकायद्याने जंगलात पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिला, सायकलला नाही. त्यामुळे तिथे सायकलसाठी खुल्या केलेल्या, पाट्या लावलेल्या मार्गांवरच राहावे. तसे न केल्यास दंड होऊ शकतो, शिवाय जमीनमालक दिवाणी दावाही लावू शकतो. डोंगरात सीमा कुठे ओलांडली हे कळतही नाही, म्हणून नकाशा बरोबर हवा.

पडलो तर काय?

आता अर्थाकडे वळू. समजा, आपल्यातले एक गृहस्थ आलगॉयमध्ये पडले आणि खांदा मोडला. ११२ ला फोन केला की मदत येते. डोंगरात येते ती बेर्गवाख्ट. म्युनिकमध्ये १९२० साली स्थापन झालेली ही संस्था बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालते. जखमी माणसाला इस्पितळात नेण्याचा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक खर्च सरकारी क्रांकेनकासे देते. आपल्याला वाहतुकीसाठी ५ ते १० युरो आणि इस्पितळात दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस, एवढेच भरावे लागतात. खेळताना अपघात झाला म्हणून कासे हात वर करत नाही. काही दिवसांनी मात्र अपघात कसा घडला हे विचारणारी प्रश्नावली टपालाने येते. ती पाहून घाबरू नये आणि ती फेकूनही देऊ नये. दुसऱ्या कोणाची चूक असेल तर कासेला आपला खर्च त्याच्याकडून वसूल करायचा असतो, एवढाच तिचा हेतू. खरी माहिती भरून पाठवावी.

पण माणूस जखमी नसेल, नुसता वाट चुकून कड्यावर अडकला असेल, तर सोडवून आणण्याचे बिल त्याच्याच नावे येऊ शकते. ऑस्ट्रियात तर जखमी असला तरी, डोंगरातल्या हौशी खेळाच्या अपघातात हेलिकॉप्टरचे बिल माणसाच्या हाती पडते आणि ते काही हजार युरोंचे असते. आपल्या आरोग्यकार्डाच्या मागच्या बाजूला असलेले युरोपीय कार्ड तिथल्या डॉक्टरकडे चालते, डोंगरातून उचलून आणण्याच्या खर्चाला ते पुरत नाही.

यावर सोपा उपाय आहे. जर्मन आल्पेनफेराइन ही १८६९ साली स्थापन झालेली गिर्यारोहकांची संस्था आहे. तिच्या सभासदांना शोध आणि सुटकेच्या खर्चासाठी माणशी २५,००० युरोंपर्यंतचा विमा सभासदत्वातच मिळतो. वर्गणी शाखेनुसार बदलते, कुटुंबासाठी सवलत असते. मात्र सभासद होताना विम्याचे पत्रक वाचावे. कोणते खेळ त्यात बसतात आणि शर्यतीसारखे कोणते प्रकार वगळले आहेत, ते त्यात दिलेले असते. याखेरीज परदेशातल्या आजारपणाचा वार्षिक विमा थोड्या युरोंत मिळतो, तोही घरात असावा.

पगाराचे काय?

नोकरीत चार आठवडे पूर्ण झाले असतील तर आजारपणात पहिले ६ आठवडे मालक पूर्ण पगार देतो. रविवारच्या खेळात पडलो म्हणून हा हक्क जात नाही. अगदी बेपर्वाईने वागून स्वतःवर आपत्ती ओढवून घेतली तरच तो अडचणीत येतो. त्यानंतर सरकारी कासे क्रांकेनगेल्ड देते. ते ढोबळ पगाराच्या ७० टक्के किंवा हातातल्या पगाराच्या ९० टक्के, यांतले जे कमी असेल ते, आणि एकाच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे.

उदाहरण घेऊ. ढोबळ पगार ५,००० आणि हातात ३,२०० युरो. पहिला आकडा ३,५००, दुसरा २,८८०. म्हणजे २,८८० लागू. त्यातून निवृत्तिवेतन वगैरेंचे हप्ते कापून हातात सुमारे २,५०० उरतात. दरमहा ७०० युरोंची खोट. जो पुण्याचा हप्ता भरतो त्याने हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा आणि निदान तीन महिन्यांची खोट भरून निघेल एवढी शिल्लक बँकेत बाजूला ठेवावी.

खाजगी आरोग्य विमा घेतलेल्यांना हे क्रांकेनगेल्ड मिळत नाही. त्यांनी आपल्या पॉलिसीत क्रांकेनटागेगेल्ड आहे का आणि ते कितव्या दिवसापासून सुरू होते, हे आजच पाहावे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनी तर नक्कीच. नोकरीच्या जागेचा आणि जाण्यायेण्याचा जो सरकारी अपघात विमा असतो तो सुट्टीच्या दिवशी चालत नाही. शाळेच्या सहलीत मूल पडले तर चालतो, आपल्याबरोबर पडले तर नाही.

कायमचे अपंगत्व आले तर? २ जानेवारी १९६१ पासून पुढे जन्मलेल्यांना आपला व्यवसाय करता न येण्याबद्दल सरकारी संरक्षण नाही. कोणतेही काम फारसे करता आले नाही तरच सरकारी वेतन मिळते, तेही साधारणपणे ५ वर्षांची विमा-मुदत भरलेली असेल तर. ही मुदत मोजताना भारतातल्या भविष्यनिर्वाह योजनेची वर्षे कामी येऊ शकतात, कारण भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. खाजगी बेरूफ्सउनफेहिग्काइट विमा काढताना छंदांविषयी विचारतात. तिथे माउंटन बाइक लपवू नये. लपवलेली गोष्ट नेमकी पैसे मिळायच्या वेळी बाहेर येते.

आपल्यामुळे दुसरा पडला तर?

अरुंद वळणावर आपली धडक बसून एखादा वृद्ध पादचारी जखमी झाला, तर जर्मन कायद्याने भरपाईला वरची मर्यादा नाही. आयुष्यभराची कमाई जाऊ शकते. म्हणून प्रिवाट हाफ्टफ्लिश्ट हा विमा इथे राहणाऱ्या प्रत्येक घरात पहिला असावा, आणि तो कुटुंबाचा असावा. सात वर्षांखालचे मूल कायद्याने जबाबदार धरले जात नाही. आईवडिलांनी नीट लक्ष ठेवले असेल तर तेही सुटतात आणि ज्याचे नुकसान झाले तो रिकाम्या हाताने राहतो. शेजाऱ्याशी संबंध बिघडू नयेत म्हणून अशा लहान मुलांनी केलेल्या नुकसानीचे कलम पॉलिसीत घालून घ्यावे.

विजेच्या सायकलीबद्दलही थोडे. २५ किलोमीटर वेगापर्यंत साथ देणारी २५० वॉटची पेडेलेक कायद्याने सायकलच आहे. ४५ किलोमीटरवाली मात्र मोटार वाहनात मोडते. तिला विम्याची पाटी लागते आणि ती जंगलवाटेवर नेता येत नाही.

भारतातून आलेल्या आईवडिलांचा प्रवास विमा व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा काढलेला असतो, पण साहसी खेळ आणि जुने आजार यांना तो बहुधा वगळतो. त्यांना तळ्याकाठी सायकलवर फिरवा, डोंगरावर पाळण्यातून न्या, उतारावर नको. आणि आई इस्पितळात असेल, घरात १२ वर्षांखालचे मूल असेल आणि सांभाळायला दुसरे कोणी नसेल, तर सरकारी कासेकडे घरकामाच्या मदतीचा, म्हणजे हाउसहाल्ट्सहिल्फेचा, अर्ज करता येतो. आपल्या अनेक कुटुंबांना या हक्काचा पत्ता नसतो.

सायकल विकत घ्यावी की कंपनीमार्फत?

हल्ली अनेक कंपन्या डीन्स्टराड देतात. सायकल कंपनी भाडेकराराने घेते, हप्ता आपल्या ढोबळ पगारातून कापला जातो, त्यामुळे कर आणि विम्याचे हप्ते कमी होतात. २०२० पासून करासाठी सायकलच्या छापील किमतीचा फक्त चौथा भाग धरतात आणि त्याच्या १ टक्का रक्कम दरमहा उत्पन्नात मिळवतात. ३,२०० युरोंच्या सायकलीचा चौथा भाग ८०० आणि त्याचा १ टक्का ८ युरो. आकडा गोड आहे खरा.

पण नाण्याची दुसरी बाजू पाहा. करार बहुधा ३६ महिन्यांचा असतो. मध्येच नोकरी बदलली तर सायकल परत करावी लागते किंवा एकरकमी विकत घ्यावी लागते. ढोबळ पगार कमी झाल्याने निवृत्तिवेतन, क्रांकेनगेल्ड आणि बाळंतपणानंतरचे एल्टर्नगेल्ड हेही थोडे थोडे कमी होतात. वर्ष-दोन वर्षांत घरात पाळणा हलायचा असेल किंवा नोकरी बदलायचा विचार असेल, तर आधी आकडेमोड करावी.

मुलांसाठी नवी महाग सायकल घेऊ नये. ती दोन उन्हाळ्यांत लहान होते. जुन्या सायकलींच्या बाजारात चांगली मिळते, पण मूळ बिल मागून घ्यावे आणि चौकटीवरचा नंबर त्याच्याशी ताडून पाहावा. चोरीची वस्तू पैसे देऊन घेतली तरी इथल्या कायद्याने ती आपली होत नाही. आपली सायकल कुलूपबंद तळघरातून चोरीला गेली तर हाउसराट विमा बहुधा भरपाई देतो. रस्त्यावरून गेली तर त्यासाठी जादा कलम लागते.

निघण्यापूर्वीची यादी

१. हाफ्टफ्लिश्ट विम्यात बायको, नवरा, मुले सर्वांची नावे आहेत का?
२. ऑस्ट्रियात जाणार असाल तर सुटकेच्या खर्चाचा विमा आहे का?
३. एफएसएमई आणि धनुर्वाताच्या लशी झाल्या आहेत का?
४. दोन्ही ब्रेक, टायरमधली हवा आणि हेल्मेटचा पट्टा तपासला का? एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.
५. पाणी, राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की, पावसाळी जाकीट, पट्ट्या, चार्ज केलेला फोन आणि कागदी नकाशा घेतला का?
६. आरोग्यकार्ड खिशात आहे का? औषधांची आणि अॅलर्जीची यादी जर्मनमध्ये लिहून त्यासोबत ठेवली का?
७. कुठे जातो आणि केव्हा परततो, हे घरी किंवा शेजारी सांगितले का? आल्प्समध्ये दुपारनंतर वादळे जमतात, म्हणून सकाळी लवकर निघावे.
८. मदतीचा नंबर ११२. ऑस्ट्रियाच्या डोंगरात १४० हाही चालतो.

यातली पहिली तीन कामे एका संध्याकाळी कागदपत्रांची फाइल उघडून आणि दोन फोन करून होतात. ती झाली की घरातल्या दोन्ही पक्षांनी एकत्र बसून वाट ठरवावी. ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी आपल्या पॉलिसीची प्रत घेऊन मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला यावे. विम्याच्या जर्मन भाषेशी झुंज दिलेली अनुभवी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत आणि चहाच्या वेळी ती आनंदाने मदत करतील. आपणा सर्वांना उन्हाळा सुखाचा आणि धडधाकट जावो.